पोराचा आयडी बंद केला आणि काट्यावर गाड्या अडकल्या

मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट. तुरीचा सीझन जोरात, सकाळी पावणेआठला जळगाव एमआयडीसीतल्या एका दाल मिलमधून फोन, भाऊ लवकर या, काटा बंद पडलाय. मी म्हटलं मी सॉफ्टवेअरवाला, काट्याचं मला काय कळतं, लोडसेल (वजन मोजणारा भाग) गेला असेल, काटेवाल्याला बोलवा. तर म्हणे नाही हो, वजन बरोबर दाखवतोय, पण पावती पुढे अकाउंट्सला जात नाहीये, आणि तिकडे एंट्री पडल्याशिवाय गाडी खाली करायची स्लिप निघत नाही. गेलो. गेटपासून पार रस्त्यापर्यंत बारा-तेरा गाड्या उभ्या, हमाल सावली धरून बसलेले, अमळनेरकडचा एक पिकअपवाला पहाटेपासून येऊन थांबलेला, मला बॅग घेऊन येताना बघून म्हणतो, "भो, काटा काबर बंद शे?" आता त्याला काय सांगू की काटा चालू आहे, एका पोराचा आयडी बंद आहे.

झालं असं होतं की त्या मिलमध्ये चार सॉफ्टवेअर आहेत, चारही वेगवेगळ्या लोकांकडून घेतलेली. एक काट्याचं, एक अकाउंट्सचं, एक मार्केटिंगच्या पोरांचं ऑर्डर घ्यायचं मोबाईल ॲप आणि एक हजेरी-पगाराचं, अंगठ्याच्या मशीनवालं. तीन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका हुशार पोराने काटा आणि अकाउंट्स एकमेकांना जोडून दिलं होतं. जोडताना सेटिंगमध्ये "कोणाच्या नावाने लॉगिन करायचं" असं विचारलं, त्याने स्वतःचा आयडी-पासवर्ड टाकला, काम झालं, सगळे खूश. आता त्याला पुण्याला नोकरी लागली, आदल्या दिवशी पेढे वाटून गेला, आणि मी सहा महिने यांच्या कानीकपाळी ओरडत होतो की माणूस गेला की त्याच दिवशी त्याचा आयडी बंद करा, तर नेमकं याच वेळी त्यांनी माझं ऐकलं. संध्याकाळी सहाला आयडी बंद. रात्री कोणाला कळलं नाही कारण रात्री गाड्या नव्हत्या.

शेठ माझ्यावर चिडले नाहीत पण बघितलं असं की चिडलेले परवडले. म्हणून म्हटलं हा सगळा प्रकार एकदा नीट लिहून काढावा, म्हणजे युजर, रोल, सिंक हे शब्द सगळे वापरतात पण त्याच्या आत काय चालतं ते फार कमी जणांना माहीत असतं, आणि ज्यांना माहीत असतं ते इतकं इंग्रजी बोलतात की ऐकणारा मान डोलावून घरी जातो.

आधी तीन शब्द वेगळे करू. अकाउंट म्हणजे हा माणूस कोण. रोल म्हणजे हा माणूस या सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या कामावर. परमिशन म्हणजे त्या कामासाठी त्याला कोणतं बटण दाबता येतं. काट्यावरचा माणूस घ्या. त्याचा रोल काटा ऑपरेटर. भरलेल्या गाडीचं वजन घेणं, रिकाम्या गाडीचं घेणं, पावती छापणं, एवढ्या त्याच्या परमिशन. छापलेली पावती रद्द करणं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिकाम्या गाडीचं वजन म्हणजे टेअर हाताने टाइप करणं नाही. हे शेवटचं मी प्रत्येक मिलमध्ये पहिल्यांदा तपासतो. टेअर हाताने टाकता येत असेल तर गाडीमागे पन्नास किलो इकडचे तिकडे करायला एक सेकंद लागतो, तुरीचा भाव तुम्हाला माहीतच आहे, पुढचा हिशोब तुम्हीच करा.

परमिशन थेट माणसाला न देता रोलला द्यायची आणि माणसाला रोलमध्ये बसवायचं, ही पद्धत आज इतकी सरावाची झालीय की नवीन वाटतच नाही, पण अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी संस्थेतल्या डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन या दोघांनी १९९२ मध्ये ती नीट सूत्रात मांडली. गावाकडच्या माणसाला ती समजवायची तर तलाठी बघा. तलाठी बदलला म्हणून फेरफाराची नोंद कोणी घ्यायची हे बदलत नाही, अधिकार खुर्चीला असतो, माणूस येतो-जातो. आणि त्याच उदाहरणात दुसरी एक गोष्ट फुकट मिळते, नोंद तलाठी घेतो पण ती प्रमाणित मंडळ अधिकारी करतो, एकाच्या हातात दोन्ही देत नाहीत. बँकवाले यालाच मेकर-चेकर म्हणतात. हे ध्यानात ठेवा, पुढे परत येतोय.

आता एकच सॉफ्टवेअर असेल तोपर्यंत हे सगळं सोपं आहे. दोन झाली की भानगड. कारण प्रत्येक सॉफ्टवेअरची स्वतःची माणसांची यादी असते आणि स्वतःचे रोल असतात, आणि एकाला दुसऱ्याचं काही माहीत नसतं. सिंक म्हणजे या याद्या एकमेकींशी जुळत्या ठेवणं. ऐकायला सोपं, करताना पहिलाच प्रश्न असा येतो की खरी यादी कोणती? दोन याद्यांमध्ये फरक पडला तर कोणाचं खरं धरायचं? याचं उत्तर आधी ठरवलं नाही ना, तर दोन सॉफ्टवेअर एकमेकांचं पुसत बसतात, अकाउंट्समध्ये तुम्ही नंबर बदलता, पंधरा मिनिटांनी हजेरीवालं येऊन जुना नंबर परत टाकून जातं, तुम्ही परत बदलता, ते परत येतं, आणि ऑफिसात सगळे म्हणतात सॉफ्टवेअरला व्हायरस लागला. माझं मत सरळ आहे, माणसाची माहिती जिथून पगार निघतो तिथली खरी. पगार चुकला तर माणूस त्याच दिवशी बोंब मारतो, म्हणून ती यादी आपोआप ताजी राहते. बाकी सगळ्यांनी तिथून घ्यायचं, परत तिथे लिहायचं नाही. एकतर्फी रस्ता.

दुसरा प्रश्न, हा माणूस तोच हे ओळखायचं कशावरून? नावावरून म्हणाल तर आमच्याकडे कोणत्याही ऑफिसात जाऊन "पाटील" अशी हाक मारा आणि किती माना वर होतात बघा. एका ठिकाणी तर आर. पाटील तीन होते, एक गोडाऊनला, एक डिस्पॅचला, एक पगाराला, आणि जोडणी केलेल्या माणसाने नावावर जुळवलं होतं, गोडाऊनवाल्या पाटलांना महिनाभर सगळ्यांचे पगार दिसत होते. ते भले माणूस, त्यांनीच येऊन सांगितलं. ईमेलवर जुळवलं तर बरं, पण आपल्याकडे एक ईमेल चार जण वापरतात, आणि जुना माणूस गेला की त्याचाच ईमेल नवीन माणसाला देतात, मग सिंकला वाटतं तोच माणूस परत आला, जुन्याचे सगळे अधिकार नवीनला. मोबाईल नंबरचंही तसंच, बंद झालेला नंबर आपल्याकडे ९० दिवसांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिळू शकतो, ओटीपी कोणाकडे जाईल सांगता येत नाही. म्हणून कर्मचारी क्रमांक. एकदा दिला की दिला, माणूस गेला तरी तो क्रमांक परत कोणाला द्यायचा नाही, ११४ गेला तर ११४ कायमचा गेला.

तिसरी गोष्ट म्हणजे लोक सिंगल साइन-ऑन आणि सिंक यांत गल्लत करतात, आणि विकणारे ती होऊ देतात. सिंगल साइन-ऑन म्हणजे एका जागी लॉगिन केलं की बाकीचे दरवाजे उघडतात, पासवर्ड एकच. त्यासाठी सॅमल नावाची पद्धत आहे, तिची २.० आवृत्ती २००५ ची, आणि त्यानंतरची ओपनआयडी कनेक्ट २०१४ ची. "गूगलने लॉगिन करा" असं बटण तुम्ही दाबता ना, त्याच्या मागे ही दुसरी. पण हे दोन्ही फक्त दारावर विचारतात की हा माणूस खरंच हाच का. आत त्याचं खातं आहे का, कोणत्या रोलचं आहे, तो नोकरी सोडून गेला का, याची उठाठेव त्यांचं मुख्य काम नाही. काही सॉफ्टवेअर अशी सोय देतात की माणूस पहिल्यांदा लॉगिन करेल तेव्हा खातं आपोआप तयार. छान आहे. पण गेलेला माणूस "मी चाललो बरं का" असं सांगायला शेवटचं लॉगिन करत नाही, म्हणून येणारे आपोआप येतात आणि जाणाऱ्यांची खाती तशीच पडून राहतात.

खाती तयार करणं, बदलणं, बंद करणं यासाठी वेगळी ठरलेली भाषा आहे, तिला स्किम म्हणतात, तिची २.० आवृत्ती सप्टेंबर २०१५ मध्ये आली. आपल्या शब्दांत सांगायचं तर मुख्य यादीवाला बाकीच्यांना ठराविक फॉर्ममध्ये चिठ्ठ्या पाठवतो, हा नवीन आला, याचा विभाग बदलला, याचं "ॲक्टिव्ह" आता "नाही" करा. दोन्ही बाजूंना स्किम येत असेल तर निम्मं काम झालं. अडचण एवढीच की बरेच सॉफ्टवेअरवाले ही सोय महागड्या प्लॅनमध्ये ठेवतात, साठ माणसांच्या मिलला ते परवडत नाही, आणि आपल्या काटेवाल्याला विचारलं तर तो म्हणतो स्किम? दिवाळीत आहे ना, दोन महिन्यांची सर्व्हिस फ्री.

आणि एक, चिठ्ठी लगेच पोचते असं समजू नका. कंपन्यांची खाती सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची एन्ट्रा सेवा अशा चिठ्ठ्या साधारण ४० मिनिटांच्या फेऱ्यांनी पाठवते. रोजच्या कामाला हे ठीक, पण एखाद्याला वाद होऊन तडकाफडकी काढलंय आणि तो गेटबाहेर उभा राहून मोबाईलवरून ॲप उघडतोय, तेव्हा ४० मिनिटं पुष्कळ झाली. अशा वेळी सिंकची वाट न बघता प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये जाऊन हाताने बंद करायचं, आणि त्याच्या मोबाईलमधलं आधीच उघडं असलेलं लॉगिनही तोडायचं, कारण खातं बंद केलं तरी उघडं ॲप काही ठिकाणी तासन्‌तास चालू राहतं.

आता येऊ खऱ्या डोकेदुखीकडे. सिंक माणूस आणतो, त्याच्या रोलचं नावही आणतो, पण त्या नावाचा अर्थ आणत नाही. "मॅनेजर" हा शब्द घ्या. ऑर्डरच्या ॲपमध्ये मॅनेजर म्हणजे आपल्या हाताखालच्या पोरांच्या ऑर्डर बघणारा. अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅनेजर म्हणजे मागच्या तारखेची एंट्री बदलू शकणारा, बँकेचं पुस्तक बघू शकणारा. कोणीतरी जोडताना मॅनेजरसमोर मॅनेजर लावलं, शब्द सारखा म्हणून, आणि धुळे-नंदुरबार बघणाऱ्या मार्केटिंगच्या माणसाला मिलची खरेदी कोणत्या अडत्याकडून काय भावाने होते ते सगळं दिसायला लागलं. त्याने काही वाकडं केलं नाही. पण त्याच्या हातात इन्सेंटिव्हच्या बोलणीत एक नवीन मुद्दा आला, अन् शेठना कळेना याला आपलं मार्जिन कसं पाठ.

यावर माझा उपाय देशी आहे. कॉम्प्युटर बंद करा, एक मोठा कागद घ्या, डावीकडे कामं लिहा, पदं नाही, कामं. काटा करणं, गेट सांभाळणं, तूर खरेदी, डाळ विक्री, चुनी-भुसा विक्री (हिला लोक हमखास विसरतात आणि पैसे तिथेच सांडतात), पेमेंट करणं, पगार. वर आडवी चार सॉफ्टवेअरची नावं. प्रत्येक चौकोनात लिहा या कामाला त्या सॉफ्टवेअरमध्ये काय लागतं. बरेच चौकोन रिकामे राहतील आणि रिकाम्या चौकोनाचा अर्थ तिथे खातंच नको. हे लोकांना पटत नाही, म्हणतात असू द्या ना, बघेल फक्त, बघण्याने काय बिघडतं. वरची मार्जिनची गोष्ट परत वाचा.

त्याच कागदावर तलाठी-मंडळ अधिकारीवाली तपासणी होते. समजा नवीन व्यापाऱ्याचं खातं उघडणं एका सॉफ्टवेअरमध्ये, पेमेंट सोडणं अकाउंट्समध्ये. दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या जागी बरोबर आहेत, कोणीच इशारा देणार नाही, पण एकाच माणसाकडे दोन्ही गेलं तर तो खोटा व्यापारी उभा करून त्याला पैसे पाठवू शकतो. हे फक्त चारही रकाने शेजारी-शेजारी ठेवल्यावर दिसतं.

जोडताना एक प्रश्न सॉफ्टवेअर विचारतं आणि लोक वाचत नाहीत, की ज्याचा रोल जुळला नाही त्याला कोणता द्यायचा. तिथे आधीच काहीतरी भरलेलं असतं. तिथे "काहीच नाही" निवडा. चार दिवस पोरं ओरडतील की मला दिसत नाही, ओरडू द्या. ज्याला कमी दिसतं तो ओरडतो, ज्याला जास्त दिसतं तो कधीच ओरडत नाही. गोडाऊनवाले पाटील सोडून.

नवीन माणूस येतो तेव्हा सगळं नीट होतं, माणूस जातो तेव्हा अर्धं होतं, आणि माणूस एका कामावरून दुसऱ्या कामावर जातो तेव्हा काहीच होत नाही. काट्यावरचा पोरगा खरेदीत गेला, खरेदीचा रोल मिळाला, काट्याचा काढायचा राहिला. आता तोच माल घेतो आणि तोच तोलतो. या बाबतीत आपलं रेशनकार्ड सॉफ्टवेअरपेक्षा शहाणं आहे. पोरीचं लग्न होऊन ती चोपड्याहून शिरपूरला गेली की माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय सासरच्या कार्डावर नाव चढत नाही. सॉफ्टवेअरमध्ये सासरी नाव चढतं, माहेरी तसंच राहतं, आणि दोन्हीकडचा गहू-तांदूळ चालू. म्हणून सिंक बसवणाऱ्याला एकच विचारा, विभाग बदलला की जुना रोल आपोआप निघतो का फक्त नवीन चढतो? करून दाखव म्हणा. तोंडी उत्तरावर जाऊ नका, मी गेलो होतो.

गेलेल्या माणसाचं खातं बंद करायचं, डिलीट करायचं नाही. डिलीट केलं की काही सॉफ्टवेअरमध्ये त्याने केलेल्या जुन्या एंट्र्यांवरचं नाव जातं किंवा "अननोन युजर" होतं, मग ती पावती कोणी रद्द केली होती हे देवालाच माहीत. तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हे कायद्यातही बसत नाही, १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा ऑडिट ट्रेल लागतो आणि तो बंद करता येता कामा नये. आता ट्रेल आहे पण त्यात नावच नाही, किंवा पाच जण एकाच "ॲडमिन" नावाने काम करतात, तर त्या ट्रेलचं लोणचं घालायचं का? आणि बंद करण्याआधी त्याच्या नावावरची गिऱ्हाइकं, अर्धवट ऑर्डर दुसऱ्याच्या नावावर करा, नाहीतर त्या तिथेच लटकतात.

आणि बंद करण्याआधी हेही बघा की त्याच्या आयडीवर एखादी जोडणी तर चालत नाही. म्हणजे आमचा काटा. त्या दिवशी मी केलं काय तर त्या पोराचा आयडी अर्ध्या तासासाठी परत चालू केला, गाड्या सोडल्या, त्यानंतर अकाउंट्समध्ये एक नवीन खातं उघडलं जे कोणत्याच माणसाचं नाही, नाव "काटा-जोडणी", परमिशन फक्त एक, वजनाची पावती आत घेणं. बघणं नाही, बदलणं नाही, काढणं तर नाहीच. तो पासवर्ड काट्याच्या सेटिंगमध्ये टाकला, एक गाडी चढवून चाचणी घेतली, पावती गेली, आणि पोराचा आयडी कायमचा बंद. जुन्या जोडणीला त्या पोराचे सगळे अधिकार होते हे तेव्हा लक्षात आलं, म्हणजे काट्याच्या कॉम्प्युटरवर बसलेल्या कोणाला डोकं असतं तर त्याने तिथून पगाराचा तक्ता काढला असता. यंत्राचं खातं यंत्राच्या नावाने आणि माणसाचं माणसाच्या नावाने. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी अमळनेरवाल्याची गाडी खाली झाली, जाताना त्याने हॉर्न वाजवला, तो मला होता की हमालांना, माहीत नाही.

उलटा अपघातही होतो. पगाराच्या सॉफ्टवेअरमधून येणारी फाईल अर्धी आली, लाईट गेली म्हणा, नेट गेलं म्हणा, तर सिंकला वाटतं यादीत नाही म्हणजे नोकरी सोडली, आणि सकाळी निम्म्या ऑफिसला लॉगिन नाही. म्हणून एका वेळी अमुकपेक्षा जास्त खाती बंद होत असतील तर थांब आणि विचार, अशी मर्यादा असते. मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रा कनेक्ट या सिंकच्या सॉफ्टवेअरमध्ये डिलीट होणाऱ्या खात्यांसाठी ती मुळात ५०० ला लावलेली येते. मोठ्या कंपनीला बरोबर. आमच्या साठ माणसांच्या मिलमध्ये ५०० म्हणजे मर्यादा नसल्यातच जमा, मी पाच ठेवतो.

शेवटी सगळं जोडता येत नाहीच. मालाच्या गाडीसोबत लागणाऱ्या ई-वे बिलाचं सरकारी पोर्टल तुमच्या हजेरीशी कोणी जोडून देणार नाही, पण तिथे सब-युजर, म्हणजे फर्मच्या खात्याखाली वेगळे आयडी, करायची सोय आहे, कोणाला बिल बनवता यावं, कोणाला नाही हे देता येतं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तिथे सगळ्यांना ओटीपीसारखी दुसरी पायरी लागते, त्यामुळे एक आयडी सहा जणांनी वापरायची जुनी सवय तशीही अवघड झालीय. अशा न जोडलेल्या ठिकाणांसाठी मी तोच कागद एक्सेलमध्ये उतरवतो, महिन्याच्या पाच तारखेला अकाउंटंट आणि मी बसतो, चहा येतो, प्रत्येक ओळ वाचायची, हा आहे का, हेच काम करतो का, पुढची ओळ.

त्या शीटमध्ये पहिली ओळ शेठची आहे. चारही सॉफ्टवेअरमध्ये ॲडमिन, चारही ठिकाणी एकच पासवर्ड, आणि ओटीपी येतो तो मोबाईल दिवसभर नातवाकडे गेम खेळायला. दर महिन्याला अकाउंटंट ती ओळ वाचतो, माझ्याकडे बघतो, आणि मी म्हणतो पुढची घ्या.